हातचे राखून

१० जून २०२४, सोमवार

बारावीचे निकाल लागले, कॉलेजं अजून सुरू व्हायचीत, त्यामुळे संध्याकाळच्या बॅचला नव्या पोरांची झुंबड. सांगलीत दर जूनला हेच. पहिला प्रश्नही ठरलेला, ‘सर, बेंच किती मारायचा?’ मी रिकामा बार पुढे करतो. वीस किलोचा. दोघांनी एकमेकांकडे बघून हसून घेतलं. तिसरा जरा धीट निघाला. म्हणाला, ‘पलीकडच्या जिममध्ये पहिल्याच दिवशी चाळीस देतात.’ देत असतील. तिथे फी वर्षाची आगाऊ घेतात. पोरगं खांदा धरून महिन्यात घरी बसलं तरी कुणाचं काही अडत नाही.

कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्याने अर्ध्या किलोच्या प्लेटी आज दिल्या. व्यास दहा सेंटिमीटर, मधलं भोक पाच सेंटिमीटरच्या किंचित वर, जाडी अकरा मिलिमीटर. पैसे घेताना त्याने विचारलंच, ‘ह्येनं काय हुतंय ओ?’

बहुतेक जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. ती दोन्ही बाजूंना लावायची, म्हणजे एका उडीत पाच किलो. दीडशे किलोचा डेडलिफ्ट काढणाऱ्याला पाच किलो किरकोळ. पण वीस किलोचा बार डोक्यावर ढकलणाऱ्या बाईला ती एकदम चौथाईची वाढ. एवढी वाढ खांदा देत नाही, म्हणून कंबर मागे वाकून ती देते, आणि ट्रेनर वहीत लिहितो की यांचं टेक्निक कच्चं आहे. टेक्निक असतं, लहान प्लेट नसते. सव्वा किलोची जोडी असली तर उडी अडीचवर येते. अर्ध्या किलोची असली तर एकावर. लाखाचा ट्रेडमिल घेणारा मालक दोन-चारशे रुपयांच्या या चकत्या का घेत नाही, याचं उत्तर सोपं आहे. त्या फोटोत दिसत नाहीत.

१४ जून, शुक्रवार

लॉच्या दुसऱ्या वर्षातला पोरगा. अंगात रग आहे, पाठ रुंद, पकड चांगली. आज त्याचा डेडलिफ्ट जवळून बघितला. बारपाशी जातो, कोपरं किंचित वाकलेली, आणि हिसका देतो. वजन सुटतं, पण त्याआधी कमरेचा खालचा भाग गोल होतो.

बार आणि प्लेटचं भोक यांच्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटरची फट असते. हात दोरीसारखे सरळ सोडून, बगला आवळून बार हळूच वर ओढला की तो त्या भोकाच्या वरच्या कडेला टेकतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. जमिनीवरून तोवर काहीच हललेलं नसतं. पण हाताची, पाठीची, मांडीची सगळी ढिलाई त्या आवाजापर्यंत निघून गेलेली असते. मग बार ओढायचा नाही, पायांनी जमीन खाली दाबायची. त्याला डोळे मिटून फक्त तो आवाज काढायला लावला. वजन उचलायचं नाही, आवाज काढायचा आणि सोडायचं. पंधरा मिनिटं हेच चाललं होतं. बाकीची पोरं कंटाळून कर्ल करायला गेली.

हिसक्याची मला जी धास्ती आहे ती कमरेपुरती नाही. जड वजनाला पोरं एक तळहात पालथा आणि एक उताणा अशी पकड घेतात. पकड घट्ट बसते हे खरं, पण उताण्या हाताचं कोपर वाकलेलं असताना हिसका बसला तर बायसेप्स कोपराजवळून सुटतो. तो मग शिवावा लागतो, आणि पुढचे कित्येक महिने हाताने दाराची कडी काढणंही मुश्कील. त्यापेक्षा दोन्ही हात पालथे, अंगठा बारभोवती आणि बोटं अंगठ्यावरून. वेटलिफ्टिंगवाले धरतात तशी. अंगठा दुखतो. महिन्याभरात सवय होते.

शेवटी पाचचा सेट दिला. पहिल्या तीन एकसारख्या. चौथीला ढुंगण आधी वर गेलं आणि छाती मागे राहिली. मी म्हटलं, ‘ठेव.’

‘सर, अजून दोन निघाल्या असत्या.’

‘निघाल्या असत्याच. म्हणून ठेव म्हटलं.’

१९ जून, बुधवार

पोलीस भरतीची मैदानी आजपासून. आभाळ भरलेलं, मैदानांवर चिखल, गावोगावची पोरं काळजीत. आमच्याकडचे दोघं गोळाफेकीसाठी गेले काही आठवडे रोज ७.२६० किलोचा गोळा फेकत होते, तेही जिममध्ये खांद्याचा व्यायाम करून झाल्यावर. एकाचं कोपर आतल्या बाजूने सुजलंय.

त्याला कागदावर काढून दाखवलं. स्नायूला रक्ताचा भरपूर पुरवठा, तो काही आठवड्यांत ताकद दाखवायला लागतो. स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा मात्र सावकाश घट्ट होते, तिला महिने लागतात. म्हणून नव्या माणसाचा धोक्याचा काळ पहिला आठवडा नसतो, तेव्हा तो बिचकून असतो. धोका तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. वजनं भराभर वाढतायत, आरशात फरक दिसतोय, आणि कंडरा अजून मागच्याच स्टेशनवर उभी आहे.

दुसऱ्याने हळूच विचारलं, ‘ते इंजेक्शन घेतलं तर?’ ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब कोसळला तर द्यायचं औषध पोरं जिममध्ये दंडात टोचून घेतात. दम लागत नाही, दुखणं जाणवत नाही, म्हणजे शरीराने थांब म्हणायची सोयच बंद. त्याला बाहेर बाकावर बसवून जे बोलायचं ते बोललो. इथे लिहीत नाही.

२४ जून, सोमवार

पहाटेच्या बॅचचा क्रम बदलला. कुरकुर झाली.

रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. उठल्याबरोबर उंची मोजली तर संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते ती याचमुळे. फुगलेल्या चकतीला वाकवलं की तिच्या कडांवर आणि मागच्या बंधांवर ताण जास्त येतो. दिवसभरात जेवढी उंची उतरायची त्यातली जवळपास निम्मी उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच उतरते. आणि आमची मंडळी पावणेपाचला उठतात, चूळ भरतात, स्कूटर काढतात आणि सव्वापाचला डेडलिफ्टच्या फळीवर उभी!

आता आधी दहा मिनिटं चालणं, मग खांदे-छाती, आणि पायांचा व्यायाम शेवटी. पायाच्या बोटांना हात लावणारे ते वाकण्याचे प्रकार पहाटे बंद. मार्केट यार्डात हळदीची पेढी असलेले काका म्हणाले, ‘अहो सर, इतकी वर्षं वाकतोय, काही झालं नाही.’ काकांचा स्वभाव असा की दुकानात पोत्याला खालून हात घालताना ते गुडघे वाकवतात, बूड मागे नेतात, पोतं अंगाला भिडवून घेतात. कुणी शिकवलेलं नाही. जिममध्ये आले की हे सगळं विसरून पाय ताठ ठेवून वाकतात, कारण तो ‘व्यायाम’ असतो.

१ जुलै, सोमवार

बाई आल्या. प्राथमिक शाळेत मला शिकवलेल्या. वय त्रेसष्ट, डेक्सा तपासणीत हाडं विरळ निघाली, डॉक्टरांनी वजनाचा व्यायाम सुचवला. मुलगा घाबरलेला. ‘सर, आईला हलकंच काहीतरी द्या. रबराचे पट्टे वगैरे.’ बाई म्हणाल्या, ‘तू गप्प बस. आणि तू सांग रे, काय करायचं.’ यातला दुसरा ‘तू’ मी.

मुलाची भीती मला कळते, पण ती चुकीच्या जागी आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ‘लिफ्टमोर’ नावाचा एक प्रयोग झाला. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी झालेल्या शंभरेक बायका. निम्म्यांना घरी हलका व्यायाम दिला. उरलेल्यांना आठवड्यातून दोनदा अर्धा तास, देखरेखीखाली, डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर बार ढकलणं. पाच-पाचचे पाच सेट, झेपणाऱ्या कमाल वजनाच्या ८० ते ८५ टक्क्यांवर. आठ महिन्यांनी जड उचलणाऱ्यांची कमरेच्या मणक्यांतली घनता वाढली, हलकं करणाऱ्यांची घटली. बातम्यांत एवढंच आलं. माझ्या दृष्टीने त्यातली मोलाची गोष्ट पुढची. पहिला महिना त्या बायकांना जड काही दिलंच नाही, नुसती हालचाल शिकवली. आणि आठ महिन्यांत जड गटात दुखापत म्हणाल तर एकीची कंबर धरली, तीही हलकीशीच.

बाईंच्या पाठीला काठी लावली. डोक्याचा मागचा भाग, दोन खवाट्यांच्या मध्ये, आणि माकडहाड. तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली हवी. आता गुडघे जरासे सैल करून बूड मागे न्यायचं, जणू दोन्ही हात भरलेले आहेत आणि पाठीमागचं दार लोटायचंय. पहिल्यांदा माकडहाडापासून काठी सुटली. दुसऱ्यांदा डोक्यापासून, कारण त्या समोर आरशात बघत होत्या. सातव्या-आठव्या वेळेला जमलं. ‘असं होय! हे तर भात लावणाऱ्या बायका करतात,’ म्हणाल्या. मग थांबून, ‘नाही, त्या पाठ गोल करतात. म्हणून तर संध्याकाळी कण्हतात.’

जाताना वही मागितली. समास आखून चार रकाने पाडले: तारीख, वजन, वेळा, आणि चौथा ‘शेवटची कशी झाली’. तिथे शेरा मारायचा. आजचा शेरा: ‘बरी. घाई टाळावी.’ माझ्या वहीत हा रकाना कधीच नव्हता. उद्यापासून सगळ्यांच्या वह्यांत घालणार.

९ जुलै, मंगळवार

गुडघ्यावरून वाद. कुणाला तरी कुणीतरी सांगितलंय की स्क्वॉट मारताना गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये. हा नियम जिमच्या भिंतींवर चाळीस वर्षं तरी चिकटून आहे. २००३ साली अमेरिकेत काही जणांच्या पायापुढे फळी उभी करून गुडघे अडवून बघितले. गुडघ्यावरचा ताण थोडा घटला, पण माणूस तोल सांभाळायला पुढे झुकला आणि खुब्याकडचा भार कित्येक पटींनी वाढला. गुडघा वाचवायला गेलात, कंबर गहाण टाकलीत.

जे बघायचं ते वेगळं. गुडघा पायाच्या अंगठ्याच्या दिशेनेच जातोय का, उठताना आत पडतोय का, टाच उचलली जातेय का. सांगलीकडच्या पोरांना खरं तर हे सोपं जायला हवं; भारतीय संडासावर बसणारी, उकिडवं बसून जेवणारी शेवटची पिढी हीच. पण शहरातली बरीच पोरं पूर्ण खाली बसू शकत नाहीत, घोटा वाकतच नाही. त्यांच्या टाचेखाली सव्वा किलोची प्लेट सरकवली की लगेच बसतात. आधार आहे, उपाय नव्हे. घोट्यावर काम करायचंच.

१७ जुलै, बुधवार. आषाढी एकादशी

निम्म्यांना उपास. साबुदाण्याच्या खिचडीवर जड स्क्वॉट मारायला दोघं हजर. वीस मिनिटं सायकल चालवायला लावून घरी पाठवले. एकाने विठ्ठलाची शपथ घालून बघितली.

२१ जुलै, रविवार. गुरुपौर्णिमा

कोल्हापूरला तालमीत जाऊन वस्तादांच्या पाया पडून आलो. वय ऐंशीच्या आसपास. नक्की त्यांनाही माहीत नाही. हौद्यातल्या मातीला नुकतंच ताक, हळद, लिंबू, तेल घालून झालं होतं, त्याचा तो वास. वस्ताद खांबाला एक हात लावून बैठका काढत होते.

‘किती काढता अजून?’

‘मोजत न्हाई. दम वर आला की थांबतो.’

‘आणि पूर्वी?’

‘पूर्वी मोजत हुतो. तवाच गुडघा गेला.’

तालमीविषयी लिहिताना लोक भावुक होतात. हजार बैठका, दोन हजार जोर, बदाम आणि थंडाई. मी त्या मातीत वाढलोय आणि तिचं ऋण मानतो, पण भिंतीवरच्या फोटोत टिकलेलेच दिसतात हेही मला ठाऊक आहे. वस्तादांच्या जोडीचे दोन पैलवान काठी घेऊन दारात बसले होते. एकाचे दोन्ही गुडघे बदललेले, दुसऱ्याला मान वळत नाही. जुनं ते सगळं शहाणपणाचं आणि जिममधलं सगळं उथळ, असं नसतं. पहाटेच्या काळोखात उठून फावड्याने हौदा उकरायचा ही रीत मी पोरांना शिकवणार नाही. कारण वर २४ जूनला लिहिलंय.

एक गोष्ट मात्र तालमीतूनच उचलावी. वस्ताद नव्या पोराला डाव शिकवत नाहीत, आधी पडायला शिकवतात. हात मागे टेकायचा नाही, हनुवटी छातीला, पाठीच्या गोलाईवर वळायचं. महिनाभर नुसतं पडणं. जिममध्ये हे कुणीच शिकवत नाही. स्क्वॉट अडला तर काय करायचं? बेंच छातीवर बसला तर? मी रॅकच्या आडव्या पिना बसण्याच्या तळापेक्षा दोन बोटं खाली लावून रिकाम्या बारने प्रत्येकाला मुद्दाम ‘हरायला’ लावतो. खाली बसायचं, बार पिनांवर ठेवायचा, पुढून निघून यायचं. एकटा बेंच मारणाऱ्याने पिना नसतील तर बारची क्लिपं लावू नयेत; अडला तर एका बाजूला कलवून प्लेटी सांडता येतात. जमिनीवर मोठा आवाज होतो, इज्जत जाते, बरगडी राहते. आणि अंगठा बारभोवतीच. अंगठा काढून बेंच मारणारे स्वतःला मुरब्बी समजतात. बार घामाने एकदा निसटला की थेट गळ्यावर येतो.

२७ जुलै, शनिवार

कोयनेतून विसर्ग, पाऊस थांबत नाही. आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे चाललंय. धोका पातळी ४५. २०१९ ला ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हा तळमजल्यातलं सामान चार दिवस पाण्याखाली होतं. बार गंजले, बेंचच्या गाद्या फेकल्या. या वेळी काल रात्रीच सामान वर चढवायचं ठरवलं. पोरं धावून आली. सांगलीत पाण्याचं नाव काढलं की बोलवावं लागत नाही.

वीस किलोच्या प्लेटी जिन्याने वर. सगळे हौसेत. मी दारात उभा राहून ओरडत होतो: एका वेळी एकच, अंगाला भिडवून, जिन्यात वळताना कंबर पिळायची नाही, पाय वळवायचे. सगळं सुखरूप वर गेलं. शेवटी खाली उरली रबराची मॅट. ओली, निसरडी, वजन फार तर पंधरा किलो. आमच्यातला सगळ्यात ताकदवान पोरगा, एकशे ऐंशी किलोचा डेडलिफ्ट स्वच्छ काढणारा, मोबाइलवर बोलत बोलत एका हाताने तिचा कोपरा धरून वाकला, वळला आणि तिथेच बसला. उसण.

धीराचा पोरगा, पण चेहरा पांढरा पडला होता. पायाला मुंग्या आहेत का, लघवीची जागा बधिर झालीय का, दोन्ही आधी विचारलं. नव्हतं. असतं तर त्याच पावसात दवाखान्यात न्यायचा होता. पाठीवर निजवून पाय खुर्चीवर ठेवायला लावले, दोन दिवस जमेल तेवढं चालायला सांगितलं. सक्तीची विश्रांती नाही.

वजन उचलणाऱ्यांच्या खेळात हजार तासांच्या सरावामागे साधारण एक ते चार दुखापती नोंदल्या जातात. फुटबॉलच्या मानाने हे फारच कमी. पण त्या आकड्यांत रबराची मॅट धरलेली नसते. बारपाशी जाताना तो पोरगा पाय मोजून ठेवतो, पोटात श्वास भरतो, कंबर चारी बाजूंनी फुगवतो, मग हात लावतो. मॅटला त्याने मॅट समजून हात लावला.

३० जुलै, मंगळवार

पाणी ओसरतंय. जिम अजून वरच आहे.

२०२२ साली याच तारखेला आमच्या सांगलीच्या संकेत सरगरने बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य मिळवलं. त्या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक. पानाची टपरी चालवणाऱ्या घरातलं पोरगं. स्नॅचमध्ये ११३, क्लीन अँड जर्कमध्ये १३५, एकूण २४८. सुवर्ण २४९ ला गेलं. दुसऱ्या प्रयत्नात १३९ डोक्यावर घेताना उजवं कोपर गेलं. वेदनेने कळवळत असतानाही तो तिसऱ्या प्रयत्नाला उतरला. नाही जमलं.

पोरं हा व्हिडिओ काढून मला दाखवतात आणि विचारतात, ‘सर, त्याचं टेक्निक चुकलं का?’ मला हा प्रश्नच आवडत नाही. इतकी वर्षं घासलेलं, लाखो वेळा गिरवलेलं ते टेक्निक होतं. पण स्पर्धेच्या दिवशी खेळाडूला हातचं जे काही आहे ते सगळं फळीवर मांडावं लागतं. काही राखून ठेवायची मुभा तिथे नाही. त्या दिवशी शरीराचा कुठलाही सांधा ऐन वेळी नाही म्हणू शकतो. टेक्निक धोका कमी करतं, शून्य करत नाही. पदकासाठी तो धोका घ्यावा की नाही हे त्याने ठरवायचं होतं, त्याने ठरवलं, आणि मी टोपी काढतो. पण आमच्या बॅचमधल्या एलआयसीच्या साहेबांना मंगळवारी संध्याकाळी कुणी पदक देणार नाही. त्यांनी प्रत्येक सेटला हातच्या दोन राखायच्या. सात निघत असतील तर पाच. अशाने ताकद वाढत नाही असं पोरांना वाटतं. वाढते. फक्त ओरडावं लागत नाही, त्यामुळे वाटत नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

रात्री उशिरापर्यंत पॅरिस ऑलिम्पिक बघितलं. मीराबाई चानू चौथी. ८८ आणि १११, एकूण १९९. कांस्य २०० ला. एका किलोने, म्हणजे बारच्या दोन टोकांना अर्धा-अर्धा किलो. शेवटचा ११४ चा प्रयत्न साधला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं.

तिची गोष्ट पोरांना पदकांपुरती माहीत आहे. २०१८ ला कमरेच्या दुखण्याने ती जकार्ताच्या आशियाई स्पर्धेला जाऊच शकली नव्हती. पुढे २०२० मध्ये अमेरिकेत आरोन हॉर्शिग यांच्याकडे गेली. स्क्वॉटचं शास्त्र सोपं करून सांगणारे हे फिजिओथेरपिस्ट. स्नायूंमधला असमतोल काढायचं काम तिथे झालं. जड उचलण्याचं नव्हे, तर काय कुठे ढिलं पडतंय ते शोधून एकेक जागा घट्ट करण्याचं. २०२१ च्या एप्रिलमध्ये ताश्कंदला तिने क्लीन अँड जर्कमध्ये ११९ चा जागतिक विक्रम केला, जुलैत टोकियोचं रौप्य. जगातल्या सर्वोत्तम लिफ्टरला लहान मुलासारखं पुन्हा प्राथमिक व्यायामाला बसावं लागलं आणि ती बसली. इथे मी एखाद्याला बार रिकामा करायला सांगितला तर तो चार दिवस येत नाही.

आज संध्याकाळी मात्र विषय एकच. कुस्तीगीर विनेश फोगाटचे जास्त भरलेले शंभर ग्रॅम. काल सकाळी तिला बाद केल्यापासून सगळी सांगली वजनकाट्यातली तज्ज्ञ झालीय. शंभर ग्रॅमवरून तावातावाने भांडणारा एक जण बेंचवर थेट पाच किलो वाढवत होता. त्याला मी काही बोललो नाही. प्लेटी बदलून दिल्या.

१९ ऑगस्ट, सोमवार. नारळी पौर्णिमा

बाईंचा पंधरा किलोचा बार डोक्यावर सोळाचा झाला. शेरा: ‘चांगली. डावा खांदा मागे राहतो.’ मला न विचारता त्यांनीच ओळखलं.

मॅटवाला पोरगा आला. पहिले दहा दिवस त्याला फक्त चालणं आणि मॅकगिल या कॅनडातल्या मणकातज्ज्ञाचे तीन व्यायाम: पाठीवर निजून जेमतेम डोकं उचलणं, कुशीवर टेकणं, आणि ओणवं होऊन उलट हात-पाय ताणणं. दहा सेकंद धरायचे, सोडायचे. शंभर क्रंचेस मारणाऱ्या पोराला हे अपमानास्पद वाटतं. तिसऱ्याच दिवशी कापरं भरलं आणि मग पटलं. आज त्याला तीस किलोचा बार ठोकळ्यांवर गुडघ्याच्या उंचीला ठेवून दिला. वरून सुरुवात, दर आठवड्याला ठोकळा बदलून थोडं खाली. एकशे ऐंशीपर्यंत परत जायला दिवाळी होईल, कदाचित नाताळ. त्याने तारीख विचारली. मी दिली नाही.

डेडलिफ्टच्या फळीसमोरचा आरसा काढायचं ठरवलं. मालकीणबाईंचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा, विरोध आहे. त्यांच्या मते आरशाशिवाय जिम म्हणजे गोडाऊन. पण समोर आरसा असला की माणूस उचलताना मान वर करतो, आणि मान वर झाली की पाठीची रेघ मोडते. शिवाय आरसा समोरून दाखवतो. कंबर कुठे गोल होते ते बाजूनेच दिसतं. त्यापेक्षा फोन बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, दहा फुटांवर ठेवून चित्रण करायचं आणि सेट संपल्यावर बघायचं. सेट चालू असताना नाही. पोरांना फोन वापरायला परवानगी मिळाली म्हणून सगळे खूश, काय बघायचंय ते कळलं की उतरेल ती खुशी.

सुतार उद्या दहाला येतोय. काढलेला आरसा बायसेप्सच्या कोपऱ्यात लावून द्या, अशी पोरांची अर्जी आलीय. तिथे लावू. तिथे कुणाचं काही मोडत नाही.